कपाटातील डिस्क वेळीच पेनड्राइव्हवर घ्या

रमजानचा दुसरा अशरा सुरू होता. भिवंडीतील आमच्या परिचयाच्या एका कारखानदारांकडे संगणकीय भरतकामाची मशीन आहेत. ईदच्या ऑर्डरी हातात होत्या, कारागीर दोन पाळ्यांत काम करीत होते आणि नेमका त्याच वेळी पंचिंगचा कॉम्प्युटर बंद पडला. मशीन चालू होती, पण त्यांच्यात आधी भरलेले डिझाईनच काय ते निघत होते. नवे डिझाईन तयार करायचे तर तो एक कॉम्प्युटर सुरू होणे भाग होते. कपाटात विंडोज सेव्हनची मूळ डिस्क होती. २०११ साली कॉम्प्युटरबरोबर रीतसर बिलावर घेतलेली, पाकिटासकट जपून ठेवलेली. ती डिस्क ड्राइव्हमध्ये घातली, ड्राइव्ह दोनदा घरघरला आणि गप्प बसला. डिस्क वाचणारा ड्राइव्हच निकामी झाला होता.

दुरुस्तीला आलेल्या मुलाने सरळ सल्ला दिला, "चाचा, नवीन कॉम्प्युटर घ्या." सल्ला वाईट नव्हता, पण उपयोगाचा नव्हता. पंचिंगचे जुने सॉफ्टवेअर जुन्याच विंडोजवर चालणारे, आणि त्याची नवी आवृत्ती घ्यायची तर कॉम्प्युटरपेक्षा तीच महाग पडायची. शेवटी शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह चालू निघाला. तेथे त्या डिस्कचा बूट होणारा पेनड्राइव्ह तयार केला. तरावीहनंतर काम हाती घेतले आणि सहरीच्या आधी कॉम्प्युटर उभा राहिला.

हे काम कसे करतात, हे आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना माहीत असावे म्हणून आज या पानावर त्याची माहिती देत आहोत. यात इंजिनिअरची गरज नाही. एक संध्याकाळ आणि थोडे सावध मन एवढे पुरे. पण ते डिस्क वाचली जात आहे तोवरच करायचे आहे. नव्या लॅपटॉपमध्ये तर डिस्कचा ड्राइव्ह येईनासाच झाला आहे आणि जुन्या कॉम्प्युटरमधले ड्राइव्ह धुळीने व वयाने एकेक करून जात आहेत.

पहिली गोष्ट समजून घ्यावी ती ही की डिस्कवरील सर्व फाइली पेनड्राइव्हवर कॉपी केल्या म्हणजे काम झाले, असे नाही. पुष्कळ लोक येथेच फसतात. फाइली सगळ्या दिसतात, पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू केला की पडदा काळाच राहतो. याचे कारण असे की डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू होण्याची जी सोय असते ती फाइलींच्या यादीत नसते. जानेवारी १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम या दोन कंपन्यांनी मिळून त्यासाठी एक नियम ठरविला. त्याचे नाव 'एल टोरिटो', आणि हे नाव अमेरिकेतील एका उपाहारगृहावरून पडले. त्या नियमाप्रमाणे डिस्कच्या एका ठरावीक जागी सुरुवातीच्या कार्यक्रमाचा पत्ता लिहिलेला असतो. पेनड्राइव्हची रीत वेगळी आहे. तो हार्ड डिस्कसारखा वाचला जातो. कॉम्प्युटर त्याचे अगदी पहिले खण पाहतो, तेथून 'ॲक्टिव्ह' म्हणून खूण केलेला भाग शोधतो आणि त्या भागाच्या तोंडाशी असलेला छोटा कार्यक्रम चालवतो. नुसत्या फाइली ओढून आणल्या तर दुकानातला माल सगळा आला, पण शटरची किल्ली जुन्या दुकानातच राहिली, अशी गत होते. ती किल्ली पेनड्राइव्हवर बसविणे हेच खरे काम.

आता कृती. येथे आम्ही विंडोज सेव्हनची डिस्क आणि जुना कॉम्प्युटर धरून सांगत आहोत, कारण कारखान्यांत हाच प्रकार अधिक आढळतो. ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्यावा. ही डिस्क साधारण अडीच ते सव्वातीन जीबीची असते, म्हणजे ४ जीबीचाही कसाबसा चालतो, पण ओढाताण कशाला? फूटपाथवरचा स्वस्त पेनड्राइव्ह टाळावा. त्यावर ६४ जीबी छापलेले असते आणि आत निम्मेही नसते. पेनड्राइव्हवर पूर्वीचे काही असेल तर ते दुसरीकडे काढून ठेवावे, कारण तो पूर्ण पुसला जाणार आहे.

ज्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह चालतो त्यात डिस्क घालावी, पेनड्राइव्ह लावावा. 'स्टार्ट'मध्ये सीएमडी ही तीन अक्षरे लिहून जे नाव येईल त्यावर उजवे बटण दाबून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडावे. काळी खिडकी उघडेल. यापुढचे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे आहेत आणि प्रत्येक ओळीनंतर एंटर दाबायचे आहे. प्रथम 'डिस्कपार्ट'. मग 'लिस्ट डिस्क'. आता कॉम्प्युटरला जोडलेल्या सर्व डिस्कांची यादी क्रमांक व आकारासह दिसेल.

येथे थांबा. चहा पिऊन घ्यायचा असेल तर आताच प्या. पुढच्या दोन ओळींत जो क्रमांक तुम्ही लिहाल ती डिस्क पुसली जाईल आणि कॉम्प्युटर एकदाही "नक्की का?" असे विचारणार नाही. क्रमांक शून्य ही बहुधा कॉम्प्युटरची स्वतःची हार्ड डिस्क असते, तिच्या वाटेला जायचे नाही. पेनड्राइव्ह आकारावरून ओळखावा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह यादीत सात-साडेसात जीबीचा दिसतो. खात्री नसेल तर पेनड्राइव्ह काढून पुन्हा यादी मागवावी. जी ओळ नाहीशी होईल ती त्याची.

हे एवढे ठासून सांगण्याचे कारण आमच्याच हातून झालेली चूक आहे. साप्ताहिकाच्या कार्यालयात असाच पेनड्राइव्ह करताना बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली राहून गेली होती. त्या दिवशी क्रमांक एक ती होती आणि पेनड्राइव्ह क्रमांक दोन. आम्ही सवयीने एक लिहिले. जुळविलेल्या पानांचा चार वर्षांचा साठा एका क्षणात दिसेनासा झाला. सुदैव एवढेच की या आज्ञेने डिस्कचा नकाशा पुसला जातो, आतला मजकूर लगेच पुसला जात नाही. आम्ही ती डिस्क त्याच क्षणी काढून ठेवली, तिच्यावर नवे काहीही लिहू दिले नाही. टेस्टडिस्क नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याच्या मदतीने बहुतेक पाने दोन दिवसांनी परत मिळाली. सगळी नाही. तेव्हापासून हे काम करताना पेनड्राइव्हखेरीज दुसरे काहीही जोडलेले ठेवायचे नाही, असा आमचा नियम आहे. आपल्या दुकानाची टॅलीची खाती त्याच जागी असती तर काय झाले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

क्रमांकाची खात्री झाली की 'सिलेक्ट डिस्क' लिहून पुढे तो क्रमांक, मग 'क्लीन', मग 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी', मग 'सिलेक्ट पार्टिशन १', मग 'ॲक्टिव्ह'. ही 'ॲक्टिव्ह' ओळ विसरली तर पुढचे सगळे फुकट जाते. त्यानंतर 'फॉरमॅट एफएस=एनटीएफएस क्विक', मग 'असाइन', म्हणजे पेनड्राइव्हला ई किंवा एफ असे अक्षर मिळते, आणि शेवटी 'एक्झिट'.

आता किल्ली. ती डिस्कवरच असते, 'बूट' नावाच्या फोल्डरमध्ये, 'बूटसेक्ट' या नावाने. डिस्कचे अक्षर डी आणि पेनड्राइव्हचे ई आहे असे धरू. काळ्या खिडकीत प्रथम 'डी:' लिहून डिस्कवर जावे, मग 'सीडी बूट', मग 'बूटसेक्ट /एनटी६० ई:'. यशस्वी झाल्याचा निरोप आला की खिडकी बंद करावी. डिस्क ६४ बिटची आणि तिथला कॉम्प्युटर ३२ बिटचा असेल तर हे 'बूटसेक्ट' चालण्यास नकार देते. अशा वेळी दुसरा, ६४ बिटचा कॉम्प्युटर पाहावा. नंतर डिस्कवरील सर्व फाइली व फोल्डर निवडून पेनड्राइव्हवर कॉपी कराव्यात. अर्धा तास धरून चालावे.

कॉपी मध्येच अडली आणि 'सायक्लिक रिडंडन्सी' असे काही शब्द दिसले तर डिस्कचा तेवढा भाग वाचला जात नाही असे समजावे. डिस्क काढून मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसू नये, कारण गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेने जातो आणि जास्त नुकसान करतो. तरीही अडली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एकाला न वाचता येणारी डिस्क दुसरा ड्राइव्ह निमूट वाचतो, असा अनुभव पुष्कळदा येतो. घरी भाजलेल्या डिस्का कंपनीत छापलेल्या डिस्कांपेक्षा लवकर खराब होतात, तेव्हा त्यांचा नंबर आधी लावावा.

विंडोज एट आणि त्यानंतरच्या ६४ बिट डिस्कांचे काम याहून सोपे आहे. नव्या कॉम्प्युटरांत जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय आले. ते पेनड्राइव्हवर एका ठरावीक फोल्डरमधील फाइल शोधते आणि ती सापडली की तेवढ्यावर सुरू होते. म्हणून फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर फाइली कॉपी केल्या तरी भागते, 'बूटसेक्ट' लागत नाही. अडचण एकच, फॅट३२ ला ४ जीबीहून मोठी एकच फाइल पेलत नाही आणि विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांतील 'इन्स्टॉल' नावाची मुख्य फाइल कित्येकदा त्याहून मोठी असते.

काळ्या खिडकीची भीती वाटत असेल त्यांच्यासाठी रूफस नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते २०११ पासून मिळते, आकाराने लहान आहे, इन्स्टॉल करावे लागत नाही आणि वर सांगितलेली मोठ्या फाइलीची अडचणही तेच सोडविते. मात्र त्याला डिस्क चालत नाही, डिस्कची 'आयएसओ' प्रतिमा लागते. म्हणजे संपूर्ण डिस्क एका फाइलीत उतरवून घ्यावी लागते. त्यासाठी इमगबर्न हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येते. विंडोज सेव्हनवर रूफस चालवायचे असेल तर त्याची ३.२२ ही आवृत्ती घ्यावी, त्यापुढच्या आवृत्त्या सेव्हनवर चालत नाहीत. आमचे मत विचाराल तर आयएसओ प्रतिमा करून ठेवण्याची तसदी प्रत्येकाने घ्यावीच. पेनड्राइव्ह हरवतो, खिशातून धुण्यात जातो, वर्षानुवर्षे पडून राहिला तर त्यातील मजकूरही विरू शकतो. प्रतिमा हार्ड डिस्कवर असली की नवा पेनड्राइव्ह दहा मिनिटांत होतो.

विंडोज एक्सपीच्या सीडीला मात्र वरील रीत लागू पडत नाही. तिची सुरुवात वेगळ्या पद्धतीने होते, त्यासाठी विनसेटअपफ्रॉमयूएसबी नावाचे वेगळे साधन आहे.

पेनड्राइव्ह तयार झाला की तो बंद पडलेल्या कॉम्प्युटरला लावून सुरू करताना बूट मेनूची कळ दाबावी. डेल, लेनोव्हो व एसरला बहुधा एफ-१२, एचपीला एफ-९, जोडणी केलेल्या कॉम्प्युटरात गिगाबाइटचा मदरबोर्ड असेल तर एफ-१२, एमएसआय व एएसरॉकला एफ-११, आसुसला एफ-८. यादीतून पेनड्राइव्ह निवडावा. एक खोच येथे आहे. विंडोज सेव्हन बाजारात आली २००९ साली, त्या वेळी निळ्या रंगाचे यूएसबी ३ सॉकेट फारसे नव्हते आणि तिच्याजवळ त्यांचा ड्रायव्हर नाही. निळ्या सॉकेटमध्ये पेनड्राइव्ह लावला तर सुरुवात होते, पण पुढे "सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही" असा उलटाच निरोप येतो. डिस्कच नसताना डिस्कचा ड्रायव्हर मागतो म्हणून लोक चक्रावतात. पेनड्राइव्ह काळ्या सॉकेटमध्ये लावला की बहुधा काम होते. दुसरी खोच, फाइली भरून झाल्यावर कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू होतो, त्या वेळी पुन्हा पेनड्राइव्ह निवडू नये. नाहीतर सगळे पहिल्यापासून सुरू होते आणि लोक रात्रभर तेच करीत बसतात.

पण इन्स्टॉल करण्याआधी जुना मजकूर वाचवायचा आहे, हे भिवंडीच्या कारखान्यात सर्वांत महत्त्वाचे होते. बारा वर्षांची डिझाईन्स त्याच हार्ड डिस्कवर होती. यासाठीही हाच पेनड्राइव्ह कामाला येतो. इन्स्टॉलचा पहिला पडदा आल्यावर शिफ्ट आणि एफ-१० एकत्र दाबावे, काळी खिडकी उघडते. तेथे 'नोटपॅड' लिहावे, त्यातील फाइल-ओपनमध्ये जाऊन 'ऑल फाइल्स' निवडावे. आता हार्ड डिस्कवरील फोल्डर दिसतात आणि उजव्या बटणाने कॉपी करून दुसऱ्या पेनड्राइव्हवर पेस्ट करता येतात. सी, डी ही अक्षरे येथे बदललेली असू शकतात, त्याने घाबरू नये. हा मार्ग आम्ही त्या रात्री वापरला. डिझाईन्स आधी बाहेर काढली, मगच 'कस्टम' निवडून विंडोज घातली.

आता व्यवहाराचा भाग. पेनड्राइव्ह म्हणजे परवाना नव्हे. परवाना म्हणजे ती पंचवीस अक्षरांची चावी, जी सेव्हनच्या काळात कॉम्प्युटरच्या अंगावरील स्टिकरवर छापलेली असे. लॅपटॉपच्या पोटावरचे स्टिकर घासून पुसट होते. त्याचा आजच फोटो काढून ठेवावा. कॉम्प्युटरबरोबर आलेला परवाना त्या कॉम्प्युटरपुरताच असतो, हेही ध्यानात असावे.

अशी प्रत करणे कायद्यात बसते का, असे काही बांधव विचारतात. बसते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ प्रमाणे, ज्याच्याजवळ सॉफ्टवेअरची कायदेशीर प्रत आहे त्याला ती हरवू, नष्ट होऊ वा बिघडू नये म्हणून राखीव प्रत करता येते. तोच कायदा कलम ६३-ब मध्ये दुसरी बाजूही सांगतो. चोरीचे सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैदेतून सूट देऊ शकते. दुकानदाराला व कारखानदाराला ती सूट नाही, कारण त्याचा वापर धंद्यासाठीच असतो.

आणि कायद्याच्या आधी दीनची बाब आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात असा ठराव केला की व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन व शोध यांवरील हक्क हे त्यांच्या मालकांचे शरीअतमान्य हक्क आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करणे जायज नाही. वजनात पाच ग्रॅम कमी भरणाऱ्याला आपण बरे म्हणत नाही, मग दोनशे रुपयांत 'ॲक्टिव्हेट करून' मिळणाऱ्या विंडोजवर हलाल कमाईचा हिशेब कसा लिहायचा? शिवाय अशा डिस्कांत आणखी काय काय भरलेले असते ते देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

ज्यांच्याजवळ परवाना नाही त्यांना मार्ग आहे. उबुंटू आणि लिनक्स मिंट मोफत मिळतात आणि वापरायला मोकळीक आहे. त्यांची आयएसओ प्रतिमा रूफसने पेनड्राइव्हवर टाकली की इन्स्टॉल न करताही पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. जीएसटीचे पोर्टल, बँक, पत्रव्यवहार, मराठी व उर्दू टंकलेखन एवढे ज्यांचे काम आहे त्यांचे त्यावर भागते. टॅली किंवा पंचिंगची सॉफ्टवेअर मात्र विंडोजसाठीच बनलेली आहेत, तेथे हा उपाय नको.

सेव्हन वापरणाऱ्यांनी एक जाणून असावे. विंडोज सेव्हनची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबविली आणि विंडोज टेनची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने दीडशे देशांतील दोन लाखांवर कॉम्प्युटर कुलूपबंद केले, त्यांत सेव्हनचाच भरणा मोठा होता. त्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, लोकांनी तो घातला नव्हता. आता तर सेव्हनला नवा इलाज येणारच नाही. म्हणून मशीनसाठी ठेवलेला जुना कॉम्प्युटर इंटरनेटला जोडू नये. डिझाईन पेनड्राइव्हने न्यावे-आणावे आणि जीएसटी, बँकेसाठी दुसरा कॉम्प्युटर ठेवावा. भिवंडीच्या चाचांनी तेच केले. पंचिंगच्या कॉम्प्युटरची इंटरनेटची केबल त्यांनी त्याच रात्री काढून टाकली.

त्यांचा तो पेनड्राइव्ह आता शॉप ॲक्टच्या कागदांबरोबर लोखंडी कपाटात असतो. त्यावर पांढरी पट्टी लावून 'विंडोज सेव्हन, ६४ बिट, पंचिंगचा कॉम्प्युटर' असे लिहिले आहे, चावीच्या फोटोची छापील प्रत त्याच पाकिटात आहे आणि मूळ डिस्कही. दर सहा महिन्यांनी पेनड्राइव्ह लावून पहिला पडदा येतो की नाही एवढे पाहायचे आणि पुन्हा ठेवून द्यायचा, हे काम त्यांनी धाकट्या मुलाकडे सोपविले आहे.